उजव्या पंखाची सही

पाइप जोडण्यात माझी हयात गेली. हजारो जोड केले असतील, आणि ज्या एका जोडाची मला आजही लाज वाटते तो एका वीतभर विमानाचा आहे.

माझा थोरला भाऊ हवाई दलात फिटर होता. उडवणारा नव्हे, उडण्याआधी विमानाखाली वाकून एकेक जोड तपासणारा. गावाकडे हा फरक कुणाला कधी कळला नाही. सुट्टीवर आला की लोक त्याला विचारायचे, औंदा कुठे कुठे उडून आलास? तो हसून सोडून द्यायचा. मुदत भरली तसा तो वहिनीला घेऊन धुळ्यात देवपुरात दोन खोल्यांत राहू लागला. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं.

नोकरीतून त्याने घरी काय आणलं असेल, तर बिस्किटांचा एक रिकामा डबा. त्यात प्लॅस्टिकच्या विमानांचे सुटे भाग. तिकडचे साहेब लोक हौसेने खोकी आणून छोटी विमानं जोडायचे, बदली झाली की अर्धवट टाकून जायचे. उरलेलं भाऊ उचलून ठेवायचा. एकाचं पोट, दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याची चाकं. पुरं असं एकही नाही. या भंगारातून त्याला एक लढाऊ विमान उभं करायचं होतं, एका इंजिनाचं, टोकदार नाकाचं, ज्यावर त्याने सगळ्यात जास्त वर्षं काम केलं होतं ते. आणि माझ्या मदतीने. कारण रक्तातल्या साखरेने त्याचे डोळे अधू केले होते.

मी आधी उडवूनच लावलं. पन्नाशीला आलेल्या दोन माणसांनी खेळणी कसली करायची? तेव्हा त्याने मला एकदाच, खालच्या आवाजात, सांगितलं. एका थंडीच्या सकाळी त्याच्या हाताखालच्या फिटरने चाकाच्या खोबणीतलं काम संपवलं होतं. ते वाकून बघून मग तपासल्याची सही करायची, हे भाऊचं काम. चहा आला होता, फिटर भरवशाचा होता, भाऊने न वाकता सही केली. ते विमान परत आलं नाही. पोरगेलासा वैमानिक होता, सकाळी भाऊला नमस्कार करून चढला होता. चौकशी झाली. पक्षी आदळला असं निघालं. भाऊच्या सहीचा काडीचा संबंध नव्हता, तसं त्याला लेखी कळवलंसुद्धा.

"पण मी बघितलं नव्हतं ना," तो म्हणाला.

एवढंच त्याला हवं होतं. एक विमान असं, की ज्याच्या एकाही जोडावर न बघता सही झालेली नाही. वहिनी मला नंतर मोरीपाशी बोलली, भाऊजी, नाही म्हणू नका, त्यांना बारा-तेरा वर्षं धड झोप नाही. मग काय, दर रविवारी मी एरंडोल-पारोळ्याच्या धुळीतून एसटीने धुळ्याला जायला लागलो. तोंडाने कुरकुरत होतो, पण जात होतो.

त्याची पद्धत तीच, नोकरीतली. शंभरपानी वही केली होती. डाव्या बाजूला काम, पुढे करणाऱ्याची सही, तिच्यापुढे तपासणाऱ्याची. शेपटीचा एक तुकडा घासला तरी वहीत नोंद. माझं डोकं फिरायचं. अरे, नखाएवढ्या चाकाला दोन सह्या? पण मी सही केल्याशिवाय तो पुढच्या भागाला हात लावू द्यायचा नाही. माझं झालं की जाड भिंग डोळ्याला लावून तो जोड खिडकीपाशी नेऊन बघायचा, इतका वेळ, की वहिनीचा चहा गार व्हायचा. मग सही. ती मात्र सुरेख करायचा, सरळ, एका दमात.

पोट जोडलं, शेपूट बसली. इंधनाची टाकी नव्हती, ती बॉलपेनच्या टोपणातून काढली. पंखांची पंचाईत होती. ते दुसऱ्याच विमानाचे, मुळाशी जाड. घासायला बारीक पकड हवी होती, ती माझ्या कारखान्यात होती. तोवर भाऊला भिंगातूनही धुकं दिसायला लागलं होतं. त्याने सगळं कापसात गुंडाळून डब्यात घालून माझ्या हातात दिलं. देताना दोनदा परत घेतलं.

डावा पंख नीट बसला. त्यातच खोक्यातून आलेली गोंदाची इवलीशी नळी संपली, तळाला उरला होता तो सुकून खडा झालेला. आता आमच्याकडे प्लॅस्टिक म्हटलं की माणसाचा हात कुठे जातो? पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या डबीकडे. केळीच्या मळ्यापासून मोरीच्या नळापर्यंत जळगावात सगळं त्यावर चिकटलेलं आहे. प्रत्येक घरात खिडकीत एक डबी असतेच. मला क्षणभरही शंका आली नाही. वीस वर्षांच्या सवयीने मी ब्रश भरभरून फिरवला, पंख खाचेत घातला आणि पाइप सॉकेटमध्ये दाबताना देतो तसा किंचित पीळ देऊन दाबून धरला.

ते प्लॅस्टिक वेगळं होतं. बोटाखाली ते हललं, मग बसलं. पंखाचं मूळ उन्हातल्या गुळासारखं मऊ झालं, पोटाची कड आत गेली. मी ओढून काढायला गेलो तर निम्मा पंख तिथेच राहिला. दुसरा उजवा पंख डब्यात नव्हता, जगात कुठे मिळणार होता मला माहीत नव्हतं. मी तिथे बाकावर बसून स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा फिटर उठून गेला.

तेव्हाच बस पकडून जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वहिनीचं बोलणं आठवत होतं हे खरं, पण तेच कारण पुढे केलं तर मी खोटारडा ठरेन. मला लाज वाटली. पाइपवाल्याने जोड बिघडवला, तोही सख्ख्या भावाचा. मी गाड्या रंगवणाऱ्याकडून लांबी आणली. पत्र्याचा पोचा बुजवायला ती वापरतात. ती भरली, पंखाचा आकार दिला, पॉलिश पेपरने घासली, वर रुपेरी रंग मारला. बघणाऱ्याला काही कळू नये इतकं चांगलं झालं. ते काम मी जीव ओतून केलं, हे सांगतानाही तोंड कडू होतं.

रविवारी विमान भाऊच्या हातात दिलं. त्याने भिंग लावलं, खिडकीकडे वळला, मग भिंग खाली ठेवलं. बोटं फिरवली, पण साखरेने बोटंही बधिर झालेली. वहीत मी आधीच लिहिलं होतं, उजवा पंख बसवला, आणि पुढे माझी सही.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

त्याने पेन मागितलं, जागा दाखवायला सांगितली आणि सही केली. वाकडी आली. तरी तो इतका निवांत दिसला की मला तिथे बसवेना.

पुढचे चार महिने वहिनी सांगायची, ते आता झोपतात, घोरतातसुद्धा. आल्यागेल्याला तो विमान दाखवायचा, वही उघडून सह्या दाखवायचा. लोक कंटाळायचे. मी रविवार टाळायला लागलो.

मग डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच केलंत तर एक डोळा थोडाफार वाचेल. मी तारीख घेऊन धुळ्याला गेलो, आणि हा नाही म्हणायला लागला. नकोच म्हणे. जे बघायचं होतं ते बघून झालं, विमान पुरं झालं, आता अंधार आला तरी चालेल. मी समजावलं, हातापाया पडलो. तो हसत होता. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काही पुरं झालेलं नाही," मी म्हणालो. "उजवा पंख वितळला माझ्या हातून. नुसती लांबी आहे ती. तू सही केलीस तेव्हा मला माहीत होतं."

वहिनी परात घेऊन दारात उभी होती, तिथेच थांबली. मला वाटलं तो विमान फेकेल, मला हाकलेल. मी तेच मागत होतो म्हणा ना.  त्याने वहिनीकडे वही मागितली. तिने पान काढून दिलं. इतकी वर्षं शहरातलं, नोकरीतलं बोलणारा माझा भाऊ घरच्या बोलीत म्हणाला, "मनी सही कोठे शे?"

मी पेन त्याच्या हातात दिलं आणि टोक त्याच्या सहीपाशी टेकवलं. मला रडू आवरत नव्हतं. म्हटलं, भाऊ, माझी सही खोड, चूक माझी आहे.

"तुनी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुले ठाऊक व्हतं. मी न देखता करी. हाई दुसरी खेप शे."

त्याने रेघ ओढली, दाबून, कागद फाटेल इतकी. मग मान माझ्याकडे वळवली, जिथे मी होतो त्याच्या जरा बाजूला.

"खोडाई गई का?"

रेघ सहीच्या खालून गेली होती. सही होती तशीच होती, उलट अधोरेखित झालेली.

"गेली," मी म्हणालो.