शाबासकीची पंचाईत

कनेरगाव नाक्यावर देविदासरावांचा ढाबा आहे आणि ढाब्याच्या मागच्या खोलीतून त्यांची मुलगी प्रतिक्षा व्हिएतनाममधल्या लेकरांना इंग्रजी शिकवते. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस पुन्हा एकदा विचारतोच.

"म्हणजे पोरगी तिकडं हाय?"

"न्हाई. पोरगी इथंच हाय, लेकरं तिकडं हायेत," देविदासराव तवा पुसत सांगतात. तेवढ्यानं त्याचं समाधान होत नाही, पण तोवर त्याची शेवभाजी येते.

प्रतिक्षानं हिंगोलीत एम. ए. केलं, बी. एड. केलं, मुलाखतींना जाऊन जाऊन चपला झिजवल्या आणि शेवटी एका परदेशी कंपनीत ऑनलाइन शिकवायला लागली. इथं ऊन कलतं तेव्हा तिकडं संध्याकाळ होते आणि लेकरं पडद्यावर येतात. रेंज फक्त खिडकीपाशी, आणि खिडकी रस्त्याकडं. बाहेर हॉर्न वाजला की तिकडून पोरं एका सुरात सांगतात, "ट्रक, टीचर!" तेवढा शब्द मात्र सगळ्यांचा पक्का झालाय.

बाकीच्या शब्दांची शेपटी पोरं खाऊन टाकतात. राइसचं 'राय' होतं, हाउसचं 'हाउ'. 'आय व्हेरी लाइक मँगो' हे वाक्य प्रतिक्षानं इतक्या वेळा दुरुस्त केलं की एके दिवशी ते तिच्याच तोंडून निघालं आणि वर्गाला केवढा आनंद झाला. 'क्लोज द फॅन' हे तिचं घरचं इंग्रजी. आपण दारही बंद करतो नि पंखाही. त्या लेकरांच्या भाषेत दिवा म्हणे उघडतात, म्हणून ती 'ओपन द लाइट' म्हणायची. त्यामुळं बरेच दिवस दोन्हीकडून चुका सुखानं चालल्या होत्या, कुणाला पत्ताच नाही.

पण तिची खरी पंचाईत व्याकरणाची नव्हती, शाबासकीची होती. कंपनीचा नियम असा, की लेकरानं उत्तर दिलं की दोन्ही हात हलवायचे, डोळे मोठे करायचे आणि मोठ्यानं 'अमेझिंग' म्हणायचं. प्रतिक्षा म्हणायची, "ओके. नेक्स्ट." तिच्या मते ते पुष्कळ होतं.

कारण या घरची रीतच तशी. भाजी चांगली झाली तर देविदासराव म्हणतात, "मीठ बराबर हाय." फारच चांगली झाली तर काहीच म्हणत नाहीत, ताट पुढं करतात. लेकराला तोंडावर चांगलं म्हटलं की नजर लागते, ही प्रतिक्षाच्या आईची, नर्मदाबाईंची पक्की समजूत. दहावीत प्रतिक्षा शाळेत पहिली आली तेव्हा त्यांनी नाक्यावरच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं, आणि घरी येऊन लेकीला म्हणाल्या, "आता जरा केस विंचर."

नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही, हे तिकडच्या मिस हान ठरवणार होत्या. त्यांचा निरोप आला: 'तुम्ही शिकवता चांगलं, पण लिन नावाच्या मुलीच्या घरच्यांना वाटतं की टीचर रागावलेल्या असतात. शुक्रवारी मी वर्गात बसेन. मग पाहू.'

गुरुवारी जेवताना प्रतिक्षानं दोन्ही हात हलवले. "आई, भाकर एक्सलंट झाली."

नर्मदाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "काहून गं? काय पाहिजे तुला?"

"काही न्हाई. सराव करून राहिले."

"भाकरीला नजर लावून काहून करती सराव?"

"मला म्हण की," देविदासराव म्हणाले. "मला कुणीच काही म्हणत न्हाई."

"बाबा, यू आर अमेझिंग."

देविदासरावांनी घास तसाच हातात धरला. "बास पोरी. अंगावर काटा येऊन राहिला."

शुक्रवारी पडद्याच्या कोपऱ्यात मिस हानचं नाव होतं, चेहरा नव्हता. शुक्रवारचा तास एकट्या लिनचा असायचा. समोर ती, आठेक वर्षांची, आणि तिच्या शेजारी नेहमीसारखी तिची आजी, सुरीनं आंबा सोलत.

"काल काय खाल्लं?" प्रतिक्षानं इंग्रजीत विचारलं.

"आय ईट राय."

"अमेझिंग!" प्रतिक्षा ओरडली. मग तिच्या लक्षात आलं, की एवढ्या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत आणि आता त्या काढायच्या कशा? लिननं मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कुणी उभं आहे की काय. पुढच्या उत्तराला 'एक्सलंट' आलं, तशी ती आजीशी काहीतरी कुजबुजली आणि म्हणाली, "टीचर, यू सिक?"

प्रतिक्षानं हात खाली घेतले.

मग वाचनाची वेळ झाली. लिननं आजीच्या बदकावर स्वतः चार ओळी लिहून आणल्या होत्या. ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली, आणि प्रत्येक शब्दाची शेपटी जागच्या जागी होती. हाउसमधला स तर तिनं असा लांबवला की कुकरची शिट्टी वाटावी. प्रतिक्षा मिस हानला विसरली.

"वन मोअर टाइम," ती म्हणाली, आणि मागं मान वळवून, "आई, इकडं ये. ऐक."

वर्गात बाहेरचं माणूस आणायचं नाही, हाही नियम होता. तो तिला आठवला तेव्हा नर्मदाबाई पिठाच्या हातानं पडद्यासमोर आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चारही ओळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या. मग दोन्ही हात पोरीवरून ओवाळल्यासारखे केले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, "लईच वाळलेली हाय. खात न्हाई वाटतं."

"व्हॉट शी से?" लिननं विचारलं.

प्रतिक्षाला खोटं सुचलं नाही. "ती म्हणते, तू फार बारीक आहेस."

लिननं ते आजीला सांगितलं. आजीनं सुरी खाली ठेवली, तोंडभर हसली, नातीचा गाल चिमटीत धरला आणि काहीतरी म्हणाली. लिनचा चेहरा फुलला.

"टीचर, ग्रँडमदर से आय अग्ली!"

झालं, गेली नोकरी, असं प्रतिक्षाच्या मनात आलं. तेवढ्यात कोपऱ्यात मिस हानचा चेहरा उमटला. त्या डोळे पुसत होत्या, हसून हसून.

"आमच्याकडं म्हातारी माणसं गुणी लेकराला कुरूप म्हणतात," त्या म्हणाल्या. "भुताखेतांचं लक्ष जाऊ नये म्हणून. माझी आजी मला लग्न होईपर्यंत तसंच म्हणायची."

प्रतिक्षानं ते आईला सांगितलं. नर्मदाबाईंनी मान डोलावली. "मग? म्हणायलाच पाहिजे."

नोकरी पक्की झाल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. सोबत ताकीदही होती, की बाकीच्या लेकरांसाठी हात हलवावेच लागतील. आणि खाली एक ओळ: 'लिनच्या आजी विचारतात, टीचरच्या आई शुक्रवारी येतील का? माझी परवानगी आहे.'

पुढच्या शुक्रवारी नर्मदाबाईंनी हात धुतले, इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि खोलीच्या दारात थांबल्या.

"आज त्या लेकराला काय नावं ठेवू गं? दर खेपेला वाळकी म्हणणं बरं दिसत न्हाई."

"दाताचं म्हण," प्रतिक्षा पडदा सुरू करत म्हणाली. "समोरचा पडलाय तिचा."

नर्मदाबाई पदर सारखा करून तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.