वत्सलाताईंचं सेंटर

ताई गेल्याचा फोन इंदूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी रडले नाही. फोन ठेवला, देवापाशी दिवा लावला, ह्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि नातेवाइकांना कळवायला लागले... अशा वेळी माणूस कामालाच लागतो. रडू फुटलं ते आमच्या लालबागच्या गल्लीत भोंग्याची रिक्षा शिरली तेव्हा. आमच्या बुऱ्हाणपुरात कुणी गेलं की रिक्षावर भोंगा बांधून गावभर सांगतात. "बड़े दुख के साथ सूचित किया जाता है..." तो आवाज मी लगेच ओळखला. ताईंच्या प्रत्येक निवडणुकीत हाच माणूस ह्याच गल्लीतून "आपकी अपनी बहन वत्सलाताई" असं ओरडत फिरला होता. "पूर्व विधायक" म्हणून तो थांबला. त्यानं भोंगा बंद केला, ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि मग पुढच्या गल्लीत गेला.

वत्सलाताई माझ्या मोठ्या नणंद. त्यांना जाऊन आता महिना उलटला. पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या. माजी आमदार, राज्याच्या शिक्षण मंडळाच्या माजी सदस्य, मागे भाऊ-भावजय असा परिवार. बस्स! एवढ्या मोठ्या बाईच्या चार ओळी? मला असा राग आला म्हणून सांगू! ह्यांना म्हटलं, तुम्ही लिहा. हे म्हणाले, "मला जमणार नाही. तिच्याशी सगळ्यात जास्त भांडली कोण? तूच. मग तूच लिही." तर लिहिते आहे.

माझे सासरे महाराष्ट्रातून नेपानगरला कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ताई आणि हे वाढले. ताई पुढे तिथेच मराठी शाळेत मास्तरीण झाल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती, पण सासूची कसर भरून काढायला ताई होत्या. माझ्या भाकरीकडे बघून म्हणाल्या, "शैला, हा नकाशा कोणत्या देशाचा?" मी पण गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, "ताई, तुम्ही भूगोलाच्या ना? तुम्हीच ओळखा." त्या खळखळून हसल्या. आमचं त्या दिवशी जमलं ते जमलंच. त्यांनी लग्न का केलं नाही, हे मला विचारू नका. मी एकदाच विचारलं होतं, तर त्यांनी माझ्यापुढे वांग्यांची टोपली सरकवली आणि शाळेत निघून गेल्या.

राजकारणात त्या आल्या त्या भाषणामुळे नाही, पायांमुळे. शाळा सोडलेल्या मुलींच्या घरी जायचं त्यांना वेड होतं. केळीच्या बागांतून, कपाशीच्या बांधावरून, थेट जंगलाच्या कडेच्या वस्तीपर्यंत चालत जायच्या आणि ओसरीवर बसून विचारायच्या, "पोरगी का दिसत नाही?" एवढी गावं पायाखाली घातलेली बाई दुसरी नव्हती, म्हणून पक्षानं तिकीट दिलं. पहिल्या वेळी पडल्या. दुसऱ्या वेळी निवडून आल्या, त्याच्या पुढच्या वेळीही. तोवर आम्ही बुऱ्हाणपूरला लालबागमध्ये राहायला आलो होतो, आणि प्रचार म्हणजे आमच्या घराची धर्मशाळा व्हायची. जीप दारात, पोस्टरची खळ माझ्या पातेल्यात, कार्यकर्ते ओसरीवर. मी करवादायचे, "ताई, आमदार तुम्ही होणार आणि भांडी मी घासायची?" त्या म्हणायच्या, "मग पुढच्या वेळी तू उभी राहा, मी घासते." आणि खरंच पदर खोचून मोरीपाशी बसायच्या. मग मलाच लाज वाटून त्यांना उठवायला लागायचं.

दुसऱ्यांदा आमदार झाल्यावर त्यांना शिक्षण मंडळावर घेतलं. लोकांना वाटलं, हे काय, मंत्री करायचं तर मंडळावर बसवलं. ताई मात्र पेढे घेऊन घरी आल्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, सेंटर. डोईफोडियाच्या पलीकडे जंगलाला लागून एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं मला ओरडतील. तिथल्या मुली दहावीपर्यंत शिकायच्या आणि नेमकी परीक्षा द्यायच्या नाहीत. परीक्षेचं केंद्र लांब, बस धड नाही, मुक्काम करावा लागायचा, आणि बाप म्हणायचे, तरण्या पोरीला परगावी मुक्कामाला धाडायचं नाही. झालं, वर्षभराचा अभ्यास पाण्यात आणि पोरगी बोहल्यावर. केंद्र गावातच द्या म्हणून ताईंनी भोपाळच्या किती चकरा मारल्या, मीच डबे भरून दिले म्हणून मला माहीत. शेवटी मिळालं. एका वर्षासाठी, बघू म्हणून. ज्या दिवशी मंजुरी आली, त्या दिवशी एकनाथ पाटील म्हणून त्या गावचे मोठे शेतकरी केळीचा घड खांद्यावर घेऊन स्वतः आमच्या घरी आले. त्यांची मंगला त्याच वर्षी दहावीला होती.

आणि मग त्या गावानं जे केलं ते फक्त आमच्या तापीकाठचं गावच करू शकतं. गणिताच्या पेपरला भरारी पथक येणार, ही कुणकुण गावाला लागली. आमच्याकडे त्याला उडनदस्ता म्हणतात. नक्कल पकडायला जीपमधून येतात ते. गावाला काय कळलं? एवढंच, की आपल्या मुलींसाठी भोपाळहून पाहुणे येताहेत! बायांनी पहाटेपासून खापरावर मांडे केले, वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी, ठेचा, लोणी... मारुतीच्या पारावर पाटपाणी मांडलं. आत वर्गात मुली गणितं सोडवताहेत आणि बाहेर गाव पथकाच्या साहेबांचा हात धरून म्हणतंय, "उपाशी कसे जाल साहेब, दोन घास खा." साहेब परमुलखातले. ते ताडकन उठले. "परीक्षा चल रही है और आप हमें दावत खिला रहे हैं?" त्यांना वाटलं, मांड्याच्या पदराखाली काहीतरी दडलंय. त्यांनी वर्गात पाऊल टाकायच्या आधीच मनाशी ठरवून टाकलं, आणि शेरा मारला, की ह्या केंद्रावर तपासणीसांना खाऊपिऊ घालून वश करतात, निकाल रोखा, केंद्र बंद करा.

ताईंना कळलं तेव्हा त्या जेवत होत्या. ताटावरून उठल्या. मला म्हणाल्या, "शैला, मंडळाला कसं समजावू? गावातले लोक लाच नाही देत होते गं. त्यांना दुसरं काही येतच नाही." त्यांचे डोळे भरले होते, आणि ताईंचे डोळे सहसा भरत नसत. केंद्र गेलं असतं तर पुन्हा कोण देणार होतं? त्या गावच्या पुढच्या सगळ्या मुलींचं शिक्षण त्या एका शेऱ्यावर लटकलं होतं.

मंडळाच्या बैठकीत काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मुलींनी नक्कल केली असं वाटतं ना? मग गणिताचा नवा पेपर काढा, बुऱ्हाणपुरात घ्या, तुमच्या माणसांसमोर. पास झाल्या तर केंद्र कायम करा." कुणीतरी विचारलं, "और जो फेल हो गईं?" ताई म्हणाल्या, "जी फेल होगी वो फेल. उसके लिए मैं एक शब्द नहीं बोलूँगी." हे ऐकून आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारला. निवडणूक तोंडावर आली होती. हे म्हणाले, "अगं, कुणाची पोरगी नापास झाली तर तुला मत देईल का तो?" ताईंनी फक्त चष्मा पुसला.

गावाला पटवणं आणखी कठीण होतं. एकनाथ पाटील म्हणाले, "ताई, ज्या पोरीले शहरात धाडायचं नव्हतं म्हणून सेंटर घेतलं, तिलेच आता शहरात धाडू?" ताई म्हणाल्या, "शहरात नाही, माझ्या घरी. शैला आहे ना घरात." मला विचारलंसुद्धा नव्हतं! पण त्या मुली आल्या, परकर-पोलक्यात, हातात पिशव्या, आणि माझं घर भरून गेलं. कुणाच्या केसांना तेल, कुणाला ताप, कुणी पाढे म्हणतंय. मंगला सगळ्यात धीट दिसायची आणि सगळ्यात जास्त घाबरलेली तीच होती. पेपरच्या दिवशी ताई शाळेच्या आसपाससुद्धा फिरकल्या नाहीत. स्वयंपाकघरात माझ्याजवळ वांगी चिरायला बसल्या आणि एवढ्या जाड फोडी केल्या, की शेवटी मी विळी काढून घेतली.

निकाल लागला. बहुतेक मुली पास झाल्या. केंद्र कायम झालं. थोड्या नापास झाल्या, आणि त्यांत मंगला होती. एकनाथ पाटील आले, पण बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "ताई, तुमच्या एका शब्दानं पास झाली असती माही पोरगी." ताई म्हणाल्या, "झाली असती, भाऊ. पण मग सेंटर नसतं राहिलं. पुढच्या वर्षी बसवा तिला, गावातच आहे आता." ते वळून चालू लागले. निवडणुकीत त्या गावातल्या पेट्या उघडल्या तर ताईंना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं. आजूबाजूची गावंही फिरली. ताई पडल्या, आणि पुन्हा कधी तिकीट मागितलं नाही. मी त्या गावाला तोंडभरून शिव्या दिल्या. म्हटलं, "कुत्र्याचं शेपूट सरळ व्हायचं नाही, ताई. ज्यांच्यासाठी मेलात त्यांनीच मारलं." त्या म्हणाल्या, "मेले कुठे? सेंटर आहे ना तिथं." पुढं त्या लालबागच्या मुलींना घरीच शिकवत राहिल्या. पण त्या गावाला त्या कधी गेल्या नाहीत. बोलावणंही कधी आलं नाही, आणि हे त्यांना लागलं होतं... बोलायच्या नाहीत, पण मला कळायचं.

परवा मंगलाचा फोन आला. दुसऱ्या वर्षी गावातच पास झालेली मंगला आता तिथल्याच शाळेत मॅडम आहे, आणि केंद्राध्यक्षही तीच. म्हणाली, "मामी, एकदा सेंटर बघून जा." मी गेले. मनात म्हटलं, बघतेच, आता कोणत्या तोंडानं बोलतात. सकाळची वेळ, आत पेपर सुरू होता. पारावर म्हातारी माणसं बसली होती. मला बघून उठली, जागा दिली. अन् मग नुसती बसून राहिली. चहा नाही, विचारणा नाही! जिथं भोपाळच्या पाहुण्याला मांडे, तिथं ताईंच्या भावजयीला साधा चहा नाही? माझा पारा असा चढला, की मी जायला उठले.

तेवढ्यात एक वाकलेले म्हातारबा तांब्या घेऊन आले. एकनाथ पाटील. मी ओळखलं नसतं. "पाणी घ्या, वहिनी. बाकी काही नाही द्यायचं आज. पेपर सुटेपर्यंत गावात चूल पेटत नाही. गॅसबी नाही. लेकराईले पहाटेच भाकरी करून ठेवतात." मी विचारलं, "ताईंनी सांगितलं होतं असं?" त्यांनी मान हलवली. "ताईनं कधी काही नाही सांगितलं. आमचं आमीच ठरवलं, त्या निवडणुकीनंतर. आमच्या जेवणानं सेंटर जात होतं ना... पाहुना उपाशी बसतो, आतडं तुटतं बघा. पण मत तर नाही देल्लं आमी ताईले. मंग एवढं तरी पाळू." आणि तो म्हातारा माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागला. मीही रडले. ताई, तुम्हाला हे कळायला हवं होतं हो. कुणी तरी येऊन सांगायला हवं होतं.

आम्ही पारावर बसून राहिलो. एवढं मोठं गाव, पण एकाही घरावर धूर नव्हता. मग घंटा झाली. मुली दप्तरं छातीशी धरून, कलकलाट करत बाहेर पडल्या, मंगला उत्तरपत्रिकांचं गाठोडं सील करून दारात आली, आणि एका छपरावरून धूर निघाला, मग दुसऱ्या, मग शेजारच्या... कुणीतरी माझ्यापुढे पाट ठेवला. मी जेवले. डोळे पुसत पुसत, पोटभर जेवले.