दिवस गेलेलं झाड

चुलीवरचा भात उतरला, की घरात कुणी घास घ्यायच्या आधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटचिमूट भात ठेवायचा. एक तुकडा चुलीपाशी, एक विहिरीपाशी, एक दारात. नेंगाह रुस्नी ते मांडत होती, सून स्रियासिह कॉफी ढवळत होती, तेवढ्यात फाटक वाजलं.

बाहेर वस्तीचा मुखिया कालेर, जकार्ताहून आलेली रातिह आणि गोणपाटात गुंडाळलेलं ओझं उचलून उभे असलेले दोन गडी. गोणपाटातून पांढरा चीक ठिबकत होता.

"इबू, तुमच्यासाठी भेट," रुस्नीला आईच्या मानानं हाक मारत रातिह हसून म्हणाली. "स्मशानाजवळच्या सातविणीचा फुगवटा! आमच्या इथल्या नव्या कलादालनाचं पहिलंच प्रदर्शन आहे, 'स्त्री, मुखवटा आणि निसर्ग'. त्यात चेटकीण रंगदाचा मुखवटा तुमच्याच हातचा हवा. भिंतीवर नावही तुमचंच."

"आणि झाड?"

"ते पाडावं लागलं. तिथे गाड्या लावायच्यात. दुपारी जेसीबी येऊन बुंधाही काढेल."

रुस्नी ओट्यावर बसली.

सातविणीच्या खोडाला फुगवटा आला, की गावात म्हणतात, झाडाला दिवस गेलेत. तो पिकेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. मग मुहूर्त, नैवेद्य, झाडाची परवानगी. आणि छिन्नीनं तेवढाच भाग काढायचा. झाड जगतं, जखम भरते. एकोणीस वर्षांची असताना बापाच्या हाताला कंप सुटला, म्हणून छिन्नी रुस्नीच्या हाती आली. देवळातल्या तीन रंगदा याच झाडाच्या, तिनं कोरलेल्या. लोक आधी म्हणत, बापाचं काम; लग्नानंतर म्हणत, नवऱ्याचं काम. नवरा गेला तेव्हा बाजारात बायका खिदळल्या, "आता विधवाच विधवेचं तोंड कोरणार!" रंगदा या शब्दाचा अर्थच विधवा. रुस्नीही हसली होती. घरी येऊन तिनं कोरायला घेतलेल्या मुखवट्याचे सुळे बोटभर लांब केले.

भिंतीवर नाव. क्षणभर तिला ते हवंसं वाटलं, खोटं कशाला बोला? चाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. त्या एका क्षणाचाच तिला जास्त संताप आला.

तिनं गोणपाट सोडलं. करवतीनं भसाभसा कापलेलं. फुगवटा कोवळा, अजून दोन वर्षं तरी पिकला नसता.

"कालेर, सातव्या महिन्यात तुझ्या बायकोचं पोट कुणी असं चिरलं असतं, तर ते पोरही मिरवत माझ्या दारी आणलं असतंस?"

"अगं नेंगाह, जमीन भाड्यानं दिलीय. सही होऊन गेली."

"कुणाची?"

कालेर चपलेकडे बघू लागला. "माझीच."

"मग 'होऊन गेली' काय म्हणतोस? पाऊस आहे का तो?"

"आम्ही निसर्गाच्याच बाजूनं आहोत, इबू," रातिह घाईनं म्हणाली. "प्रदर्शन त्यासाठीच तर आहे."

"जकार्तेच्या गाड्यांना सावली सोसत नाही वाटतं?" स्रियासिहनं आतूनच विचारलं.

"पोरी," रुस्नी रातिहला म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "तू बाईचा मुखवटा मागतेस, झाडाची पूजा मांडतेस, आणि दोघींना कापून दारात आणतेस! वर म्हणतेस भेट! एकदा विचारलं असतंस! इथे आम्ही झाडालासुद्धा विचारतो गं!"

गड्यांनी माना खाली घातल्या. रातिहचं हसू कधीच गेलं होतं. ती ओट्याच्या कडेला टेकली.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आता काय करू, सांगा. नाव मोठ्या अक्षरांत..."

"मुखवटा मी करणार नाही. नाव नकोच. सातवीण बुंध्यापासून परत फुटते. जेसीबीवाल्याला फोन कर. तेवढा बुंधा राहू दे."