जगदाळे बाईंच्या उजव्या डोळ्याविषयी

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींना आणि बाईंच्या सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांना सप्रेम नमस्कार.

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारतो. वयाने तो मान माझाच आहे. प्रशांत, तुझी पाठ कशी आहे? रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ताटकळायचं म्हणजे पाठीचा भुगा. डॉक्टरांनी दिलेला पट्टा कमरेला बांधतोस ना, की तो खुंटीलाच शोभतो आहे? तुझ्या आईंची साखर आटोक्यात आहे का? सणाच्या पंगतीत त्यांच्या पानावर लक्ष ठेव. शिफ्टला उभं राहून ज्यांच्या पायांना सूज येते, त्या सगळ्यांचे पाय कसे आहेत? आणि ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी हा ग्रंथ निघतो आहे, त्या आदरणीय निर्मलाताई जगदाळे, म्हणजे आपल्या जगदाळे बाई, आपला उजवा डोळा कसा आहे? "बरा आहे" असं सांगू नका. तो बरा नाही, हे पिंपळे गुरवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं आहे.

प्रशांत हा बाईंचा जुना विद्यार्थी आणि या ग्रंथाचा संपादक. तो घरी येऊन म्हणाला, "तात्या, गौरवलेख द्या. जरा गोड लिहा."

मी म्हटलं, "गोड लिहायला तोंड गोड लागतं. मी सध्या बाईंवर वैतागलोय."

"मग वैतागून लिहा, पण वेळेत द्या."

तेव्हा वैतागूनच लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस. भोसरीच्या एका कारखान्यात लाकडी खोकी ठोकण्यात उमर गेली. पुढचं वाचन माझं मी केलं, मिळेल ते, मिळेल तसं. त्यातलं विज्ञान मात्र बाईंनी माझ्या गळी उतरवलं, आणि तेही भांडणातून.

माझी लेक रेखा तेव्हा शाळेत बाईंच्या वर्गात होती. थंडीचे दिवस. बाईंनी मुलांना विचारलं, सकाळी दाराची लोखंडी कडी दाराच्या लाकडापेक्षा गार का लागते? रेखाने मला विचारलं. मी दाढी करत होतो. म्हटलं, "लोखंड जातीचंच गार." तिने वर्गात तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "वडील म्हणतात ना? मग वडिलांनाच घेऊन ये."

दुसऱ्या शिफ्टला जाता जाता मी शाळेत गेलो. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, हातात डबा, डोक्यात जाळ. "बाई, पोरीला शिकवायचं सोडून बापाला कशाला बोलावता?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली. टेबलावर एक लोखंडी पट्टी आणि एक फळी सकाळपासून शेजारी शेजारी ठेवलेली होती. दोन्हींवर कापसाच्या बोळ्याखाली एकेक तापमापी.

"हात लावून बघा भाऊ, गार काय आहे?"

"लोखंड. त्यात बघायचं काय?"

"किती गार? अंदाज सांगा."

"चार-पाच डिग्री तरी असेल की."

"आता वाचा."

दोन्हीकडे पारा सारखाच. मी म्हटलं, हा बिघडलाय. त्या म्हणाल्या, "अदलाबदल करा." केली, थांबलो, परत सारखंच. मग मात्र माझं टाळकं फिरलं. "म्हणजे माझा हात खोटं बोलतो का?"

"नाही हो. तुम्ही हाताला विचारलंत एक आणि त्याने सांगितलं दुसरं. वस्तू किती गार आहे, ते हाताला थेट कळत नाही. आपल्या अंगातली उष्णता किती भरभर निघून चालली आहे, तेवढं कळतं. लोखंड ती पटकन ओढून नेतं. लाकडाला घाई नसते."

मला शिफ्टला उशीर झाला, साहेबांची बोलणी खाल्ली. घरी आल्यावर मी ताट, पाट, तांब्या, उंबरा, दिसेल त्याला हात लावत फिरलो. बायको म्हणाली, "बाधाबिधा झाली की काय!" झालीच होती. ती आजतागायत उतरलेली नाही.

बाईंचं कार्य मोठं आहे, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. ते किती त्रासाचं आहे, हे कोणीतरी लिहायला हवं. निवृत्तीनंतर इतर मंडळी तीर्थयात्रा करतात. बाईंनी आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मागून घेतला आणि दर रविवारी मुलांसाठी विज्ञानाचा वर्ग सुरू केला. टेबलं मी ठोकली, म्हणून माझी तिथे ऊठबस. पण बाईंकडे साधा चहा प्यायला जायची सोय नाही. "तात्या, दूध आत्ता घातलं तर चहा जास्त वेळ गरम राहील, की प्यायच्या वेळी घातलं तर?"

"बाई, चहा द्या."

"अंदाज सांगा, मग देते."

अंदाज होईतो चहा गार. आणि खरं उत्तर काय, ते विचारावं तर म्हणतात, "घरी तापमापी आहे ना?"

त्यांच्या वर्गाची रीतही अशीच उफराटी. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा. ज्याचा अंदाज बरोबर, तो जागेवर बसतो. ज्याचा चुकतो, त्याला टाळ्या मिळतात आणि पुढचा प्रयोग त्याने स्वतःच्या हाताने करायचा. का, तर चुकलेल्याला बघायची जास्त गरज असते. पोरं काय कमी आहेत? साहित्य हाताळायला मिळावं म्हणून ती मुद्दाम चुकू लागली. "बाई, खिळा पाण्यावर तरंगेल!" असा एका सुरात गजर. मला वाटलं, आता बाई चिडतील आणि माझ्या जिवाला थंडावा मिळेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "छान. का तरंगेल, ते पटवून द्या." पोरांना घाम फुटला. खोटं कारण पटवून द्यायचं तर खरं आधी कळावं लागतं. तासभर घनतेवर अशी कडाक्याची चर्चा झाली, की शेवटी खिळा बुडाला तेव्हा पोरांना वाईट वाटलं.

त्यांची माया आहे, पण तीही सुखासुखी मिळत नाही. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा बाई रोज स्वतः डबा घेऊन येत. ऊन असो, पाऊस असो, डबा चुकला नाही. आणि झाकण उघडता उघडता विचारत, "वहिनी, झाकण आतून ओलं कसं? मी तर कोरडं लावलं होतं." सलाईन लागलेल्या बाईला हे विचारायचं! पण बायको दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, ती त्यावरच. "भाताची वाफ वर जाऊन गार झाकणाला लागली, तिचं पाणी झालं, एवढं मलाही कळतं," असं ठसक्यात म्हणाली, आणि नंतर मला, "या बाई मला धड आजारीसुद्धा पडू द्यायच्या नाहीत." बरी होऊन घरी आली. मी बाईंचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी विषय बदलला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. काही महिन्यांपूर्वी वर्गात गरम पाणी ओतताना बाईंचा नेम चुकला आणि पाणी भांड्याऐवजी त्यांच्याच बोटांवर पडलं. आम्ही धावलो. बाई हात नळाखाली धरून मुलांना म्हणतात, "उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. बघितलंत?" मी कपाळावर हात मारला.

त्यानंतरच्या रविवारी भिंगाचा धडा होता. भिंगातून येणारं खिडकीचं चित्र पांढऱ्या कागदावर पाडायचं, उलटं पडतं ते बघायचं. भिंग तन्वी नावाच्या मुलीच्या हातात होतं. तिला पुनावळ्याहून तिची आजी घेऊन येते आणि वर्ग संपेपर्यंत मागे बसून राहते. कागदावर खिडकी उमटली. बाई म्हणाल्या, "अजून पुसट आहे, कागद मागे घे." तन्वीने घेतला. "अजून थोडा." परत घेतला.

तन्वी चाचरत म्हणाली, "बाई, मघाशी गजसुद्धा दिसत होते. आता पुसट झालंय."

"नाही, नाही, तेव्हाच पुसट होतं."

मागून आजीचा आवाज आला, "अवं बाई, तुमालाच दिसत न्हाई, अन् पोरींना काय दावताय!"

बाईंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग शांतपणे विचारलं, "भिंग चांगलं आहे. कागद चांगला आहे. उजेड भरपूर आहे. मग बिघाड कुठे आहे, तन्वी?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी. "बाई, तुमच्या डोळ्यात."

"शाब्बास! म्हणजे माझा अंदाज चुकला. वाजवा टाळ्या." कोणी टाळी वाजवेना. तेव्हा बाईंनी स्वतःच वाजवली, आणि रीतीप्रमाणे पुढचा प्रयोगही स्वतःच केला. डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "तारखा नाहीत. नुसतं पांढरं आहे." मग भिंगाला थोडं कोल्ड क्रीम चोळलं आणि मुलांना परत खिडकी बघायला लावली. "आपल्या डोळ्यातही असंच एक भिंग असतं. ते आत पडद्यावर चित्र पाडतं, तेही उलटं. ते भिंग धुरकटलं की मोतीबिंदू. धुरकटलेलं काढून दुसरं बसवतात." म्हणजे स्वतःच्या आंधळेपणाचंही या बाईंनी शैक्षणिक साहित्य केलं! सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं, आणि न रागवून राहायचं तरी कसं?

रेखा आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आता लांबवू नका. जितका उशीर कराल तितकी ती अवघड होईल. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. बाईंनी मान डोलावली. मग सबबी सुरू झाल्या. आधी शाळेचं विज्ञान प्रदर्शन, मग मुलांच्या परीक्षा, मग ग्रहण, कारण ते पोरांना दाखवायचं होतं. मी म्हटलं, "बाई, आकाशातलं सुटेल हो, तुमच्या डोळ्याचं काय?" तर म्हणाल्या, "तात्या, सावली कोणाची कोणावर पडते, ते आधी सांगा." पालथ्या घड्यावर पाणी!

खरं कारण एके दिवशी त्यांच्या घराच्या जिन्यात कळलं. उतरताना शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. माझा दंड धरून त्या तिथेच बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "महिनाभर वर्ग बंद पडला की पोरं ट्यूशनला जातील. तिथे उत्तरं तयार मिळतात. एकदा तयार उत्तराची चव लागली, की इथे अंदाज करायला कोण परत येणार?" पंचाहत्तर वर्षांची बाई, पायरी दिसत नाही, आणि काळजी कशाची, तर ही. त्या वेळी मी नुसता हात देऊन त्यांना उठवलं.

आता बोलतो, चारचौघांत बोलतो, म्हणून तर हा लेख. बाई, वर्ग बंद पडणार नाही. पहिला रविवार प्रशांत घेईल, दुसरा रेखा. पुढचे रविवार हा ग्रंथ वाचणाऱ्यांनी आपसात वाटून घ्यावेत. ज्यांना शिफ्टमुळे रविवार जमत नाही, त्यांनी बदली सुट्टी काढावी, लग्नाला काढता तशी. उत्तर आधी सांगणार नाही, असं प्रशांतकडून वदवून घेतलं आहे. त्याला जड जाईल, कारण तो कंपनीत माल तपासायच्या क्वालिटी खात्यात आहे, चूक दिसली की बोट दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. पण मी समोर बसणार आहे. तन्वीची आजीही बसणार आहे, आणि तिचा धाक माझ्यापेक्षा मोठा.

बाई, आपण शंभरी पार करावी ही आमची मनापासून इच्छा आहे. पण नुसतं लांब आयुष्य आम्हाला नको. चष्म्याशिवाय पायरी दिसणारं, ऊन-सावली वेगळी कळणारं, मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हॉलच्या या टोकावरून ओळखणारं, असं धडधाकट आयुष्य आपल्याला लाभो. पोरांना आपण हव्या आहात, आणि भांडायला मलाही.

सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ स्वीकाराल तेव्हा हसून वेळ मारून नेऊ नका. या लेखाची प्रत आपल्याला आधीच पाठवतो आहे, तेव्हा सत्काराआधीच दोन ओळी लिहून पाठवा. डॉक्टरांकडची तारीख कोणती ठरली, तेवढंच लिहा. सोबत रेखा येणार आहे, आणि तिला सुट्टीचा अर्ज आधी द्यावा लागतो. तेव्हा पत्र लवकर पाठवा, बाई. आम्ही वाट बघतो आहोत.

आपला,
तात्या