दादाचे मेल अन् बापाची पेटी

आज सकाळी मेलबॉक्स भरला अन् नवे मेल यायचे बंद झाले. म्हणून जुने सगळे मेल माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि सर्व्हरवरून पुसून टाकले. त्यात वारलेल्या दादाचे मेलबी होते.

शेजारी माय गहू निवडायली होती. तिला म्हणलं, "दादाची पत्रं आता आपल्या घरातच हायत."

तिचे हात थांबले. "तुझ्या बापानंबी सगळे कागद घरातच ठेवले होते, लोखंडी पेटीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या वक्ताला गावानं आपलं घर जाळलं. पेटी उघडली तर आत नुसती राख."

दुपारी परभणीहून पेनड्राइव्ह आणून दुसरी प्रत काढली. ती कुठं ठेवायची, मायला विचारलं.

"या गावात नको."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ठेवून घेता का?