आक्काच्या खानावळीचा परवाना

पस्तीस वर्षं मी शहरातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. माणसाला त्याचा धंदा मोकळेपणानं करू द्या, सरकारनं उगाच मध्ये कडमडू नये, हे मी टेबल बडवून सांगायचो. आणि सख्ख्या थोरल्या बहिणीची चूल मीच बंद केली.

आक्का करमाडला एकटी राहते. भावजी गेले, लेकी सासरी. जवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यांत बाहेरगावची पोरं कामाला आली, तशी ती त्यांना डबे द्यायला लागली. ओसरीच्या भिंतीवर ओळीनं खिळे. ड्यूटीवर जाताना पोरानं भरलेला डबा खिळ्यावरून उचलायचा, येताना रिकामा तिथंच अडकवायचा. एखादा डबा तसाच लटकत राहिला की आक्का त्याच्या खोलीवर जाऊन बघायची, ताप तर नाय ना आला.

एका दिवाळीत मी विचारलं, "परवाना काढलास का?"

"भाकरी थापायला परवाना? येडा का काय तू, मास्तर!"

मी चिडलो. कुणी तक्रार केली तर? कागद येईपर्यंत बंद ठेव म्हणालो. माझ्या शिक्षणाचं तिला लई कौतुक. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना सांगून टाकलं.

कागद कसला येतोय! घर तिच्या सासऱ्यांच्या नावावर, म्हणून आधी वारसनोंद. मग ग्रामपंचायतीची ना हरकत. मग परवाना देणाऱ्या साहेबांची बदली. नवे साहेब म्हणाले, स्वयंपाकघराचा नकाशा जोडा. अरे मेल्यांनो, एक चूल आणि एक खिडकी, त्याचा कसला नकाशा? तरी काढून दिला. पोरं थोडे दिवस वाट बघून दुसरीकडं जेवायला लागली. आक्का फोनवर म्हणायची, "दिवस सरत नाय रे."

दीड वर्षानं परवाना आला. मी पेढे घेऊन गेलो. आक्का पार वाळली होती, स्वतःपुरतंही धड रांधत नव्हती. तिनं तो कागद एका रिकाम्या खिळ्याला टोचला.

"बरं झालं. पण आता वाढू कुणाला?"

मी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं सरकवला. तिनं तो उघडलाच नाही.

"माणसाला मोकळं सोडावं, असं तू शिकवायचास ना, मास्तर? मग मला का रे थांबवलंस?"

"भीती वाटली गं," एवढंच म्हणालो. आपल्या काळजीपोटी वाटली, असं समजून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला भीती माझ्या अब्रूची होती. प्राध्यापकाची बहीण बेकायदा खानावळ चालवते, असं कुणी म्हणू नये, एवढंच. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.