बोक्याची लघवी कोण बघतं?

अन्याय झाला तो आमच्या बोक्यावर. कधी, तेही सांगते: यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, पहिला चहा चुलीवर होता तेव्हा. करणारे बाहेरचे कुणी नव्हते. अप्पा, माय आणि मी.

अंगणाच्या कोपऱ्यात माय चुलीची राख टाकते. बोक्याची ती ठरलेली जागा. त्या सकाळी तो राखेत गेला, उकरलं, बसला, उठला. दोन पावलं सरकून परत उकरलं, परत बसला. मी चहात बिस्कीट बुडवत हे तीनदा पाहिलं. चौथ्यांदा तो बसल्याबसल्या ओरडला. भुकेचं ओरडणं वेगळं असतं, मला माहीत होतं. राख कोरडी होती, तेही दिसत होतं. तरी मी मायला काय म्हणाले? याला परसाकडला साफ होईना वाटतं.

माय म्हणाली, काल पुरणाच्या पोळीवरचं तूप चाटून गेलाय, पोट धरलं असेल. अप्पांनी गोठ्यातूनच एरंडेल सांगितलं. वासराला देतात तसं, फक्त कमी. मायनं त्याचं तोंड धरलं, मी चमचा घातला. त्यानं निम्मं फेसासकट बाहेर काढलं. दवाखान्यात न्यायचं का, असं मी विचारलं जरूर. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मांजराला डाक्टर? मग उद्या कोंबडीला चष्मा आणजो माय." सगळे हसले. मीही हसले. मांजर आपलं आपण गवत खाऊन बरं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून विषय मिटला.

आता मी कोण, तेही ऐका. आम्ही चार-पाच जण जनावरांच्या दवाखान्यांसाठी पत्रकं काढतो. डॉक्टरची जागा भरा, औषधं द्या, फिरतं पथक वेळेवर पाठवा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी डोंगरकडा गावात ती वाटत होते. पत्रकातली एक ओळ माझी स्वतःची: जनावरानं दाणा सोडला, रवंथ बंद केला किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ती बोट ठेवून वाचली आणि मलाच झापलं. "हे आमाला काय सांगून राहिली पोरी? बैल मुतला न्हाई तर आमच्या घरात कोणी भाकर तोडत न्हाई."

खरं होतं ते. आमच्याकडे बैलाची लघवी ही घराची काळजी असते. औत चालू असताना बैल त्यासाठी थांबला तर अप्पाही थांबतात, हाकत नाहीत, मागच्या औतावरचा माणूस कितीही ओरडू दे. सकाळी गोठ्यात शिरल्यावर आधी जमीन बघतात, मग बैलाचं तोंड. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. त्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकूनही माझ्या डोक्यात बैलच आला. बोका आला नाही.

संध्याकाळी घरी आले तर तो बाजेखाली पडलेला. दूध तसंच. पोटाला हात लावला तर आत मोसंबीएवढा कडक गोळा. तो मला चावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मायला वाटलं एरंडेल कमी पडलं. आम्ही परत दिलं.

आम्ही परत दिलं. हे वाक्य मला खोडता येत नाही.

सोमवारी सकाळी त्यानं उलट्या केल्या, पाय गार लागले. मी रडायला लागले, तेव्हा अप्पांनी गाडी काढली. बोक्याला कापडी पिशवीत घालून मी मागे बसले. दवाखान्यातला शिपाई रजिस्टर उघडून बसला होता. गाय, बैल, म्हैस, शेळी. मांजर कुठं लिहायचं, हे तो अप्पांनाच विचारत होता. शेवटी त्यानं 'इतर' लिहिलं. डॉक्टर लसीकरणाहून आले. त्यांनी बूटसुद्धा झटकले नाहीत, सरळ पोटाला हात लावला.

"शेवटची लघवी कधी केली यानं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांकडे.

"एरंडेल दिलंय दोनदा," अप्पा म्हणाले.

"तुमचा बैल सकाळपासून मुतला नसता तर?"

"दुपारी तुमच्या दारात असतो साहेब."

यापुढे डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगायला लागले. बोक्याची लघवीची नळी फार बारीक असते, त्यात खडा नाहीतर रेतीसारखा कचरा अडकतो. कुंथताना दिसतो म्हणून लोकांना पोट धरल्यासारखं वाटतं. एक दिवस गेला की जिवावर बेततं, दुसऱ्या दिवशी विष रक्तात जातं. त्यांनी पोटातून सुईनं लघवी काढली. लाल होती. नळी मोकळी करायला लागणारी बारीक नळी तिथं नव्हती. होती ती म्हशीची, बैलाची. परभणीला न्या, म्हणाले, पण आत्ता.

आम्ही निघालो. बोका रस्त्यात गेला. कुठं, ते नेमकं कळलं नाही. पिशवी एकाएकी जड लागली एवढंच. अप्पांना सांगितलं तर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हँडल धरून उभे राहिले. "मला वाटलं पोट साफ न्हाई," म्हणाले. थोड्या वेळानं परत तेच म्हणाले. मी पिशवीचं तोंड बांधलं.

त्याला आमच्या हळदीच्या शेताच्या बांधाला पुरलं. पुढच्या पत्रकात मी मांजरांची एक ओळ घातली. आमच्यातल्यांनी ती काढली. लोक हसतील, बाकीचंही वाचणार नाहीत, म्हणाले. मी भांडले नाही. एरवी मी स्वल्पविरामावरून भांडते. काकूंकडे दोन बोके आहेत. त्यांना सगळं सांगितलं तर "व्हय का" म्हणाल्या आणि आमच्या हळदीचा भाव विचारायला लागल्या. पत्रकानं काही होतं यावर माझा पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही. हे लिहून काही होईल असंही वाटत नाही.

तरी तुमच्याकडून एक गोष्ट पाहिजे, आणि ती मी मागणार. तुमच्या घरी बोका असेल तर त्यानं आज लघवी केली का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर हे बाजूला ठेवा, उठा आणि बघून या. बसतोय, कुंथतोय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर घरातलं काही पाजू नका, कुणाला विचारत बसू नका. त्याला उचला आणि निघा.